निकृष्ट काम, तरीही नवा ठेका : काळी यादी कुठे अडते?

पुणे - पावसाळ्याचा पहिला जोर ओसरतो न ओसरतो तोच शहरातील रस्त्यांवरची खडी मोकळी होते आणि त्यापाठोपाठ एक ठरलेली मागणी पुढे येते : ‘ठेकेदाराला काळ्या यादीत टाका.’ महापालिकेच्या सभागृहात, मोर्चांत आणि वाचकांच्या पत्रांत ही मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. प्रशासन कारवाईचे आश्वासन देते, नोटिसा निघतात, दंडाच्या बातम्या छापून येतात. तरीही पुढील हंगामाच्या निविदा उघडल्यावर तेच नाव पुन्हा दिसले, अशी तक्रार ऐकू येतेच.

कायद्यात तरतूद नाही म्हणून असे घडते, हा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. खराब काम करणाऱ्याला पुढील कामापासून दूर ठेवण्याचा अधिकार सरकारला आणि महापालिकेला आहे. न्यायालयांनीही तो मान्य केला आहे. मात्र हा अधिकार वापरण्यासाठी पुरावा लागतो. काम चालू असताना आणि हमीच्या काळात कामाच्या दर्जाची रीतसर लेखी नोंद झाली नसेल, तर नोटीस टिकत नाही, काळ्या यादीचा आदेश न्यायालयात रद्द होतो आणि निविदा छाननीच्या टेबलावर चांगला व वाईट ठेकेदार एकाच रांगेत उभे राहतात. हा प्रश्न समजून घेण्यासाठी ठेका देण्याची सारी प्रक्रिया पाहावी लागते.

ठेका मिळतो कसा?

पुणे महापालिकेचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार चालतो. पूर्वी हा कायदा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ या नावाने ओळखला जात असे. एखादा रस्ता करायचा असेल, तर संबंधित खाते शासनाच्या दरसूचीच्या आधारे पूर्वगणनपत्रक तयार करते. त्यानंतर ई-निविदा प्रसिद्ध होते. दोन लिफाफा पद्धतीत पहिल्या लिफाफ्यात ठेकेदाराची नोंदणी, अनुभव, उलाढाल, यंत्रसामग्री यांची कागदपत्रे असतात, तर दुसऱ्या लिफाफ्यात दर असतो. पहिला लिफाफा मान्य झाला तरच दुसरा उघडतो. मोठ्या रकमेच्या ठेक्यांना स्थायी समितीची मान्यता लागते. सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपल्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत हे अधिकार प्रशासकाकडे होते.

निविदा न मागवता काम देण्याची तरतूदही याच अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. कारणे लेखी नोंदवून आणि स्थायी समितीच्या मान्यतेने असे काम देता येते. महापालिकेच्या बोलीभाषेत ‘पाच-दोन-दोन’ या नावाने ही तरतूद प्रसिद्ध आहे. तातडीच्या प्रसंगासाठी ती आवश्यक असली, तरी स्पर्धाच नसल्याने ती अपवाद म्हणूनच वापरली जावी, अशी अपेक्षा आहे.

ठेका मिळाल्यावर ठेकेदार सुरक्षा अनामत भरतो आणि त्याला कार्यादेश मिळतो. काम जसजसे पुढे सरकते, तसतशी कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद करतो. त्या नोंदीवर उपअभियंता व कार्यकारी अभियंता यांची तपासणी होते आणि बिल निघते. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो. हा दाखला ठेकेदाराच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा असतो, कारण पुढील निविदेत अनुभवाचा पुरावा म्हणून तोच जोडला जातो.

पात्रतेची चाळणी काय मोजते?

पहिल्या लिफाफ्यातील अटींचा हेतू अपात्र ठेकेदाराला बाहेर ठेवणे हाच आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये सार्वजनिक कामांच्या पूर्वअर्हतेबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार ठेकेदाराने मागील सात वर्षांत त्याच प्रकारची तीन कामे प्रत्येकी अंदाजित खर्चाच्या ४० टक्के रकमेची, किंवा दोन कामे ५० टक्के रकमेची, किंवा एक काम ८० टक्के रकमेचे पूर्ण केलेले असावे. मागील तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के असावी, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे दहा कोटी रुपयांच्या रस्त्यासाठी चार कोटींची तीन, पाच कोटींची दोन किंवा आठ कोटींचे एक काम आणि तीन कोटींची सरासरी उलाढाल लागते. देशभरातील अनेक निविदांच्या अटी याच साच्यातल्या असतात.

दुसरी चाळणी निविदा क्षमतेची. एका वर्षातील सर्वाधिक उलाढाल, कामाची मुदत वर्षांत आणि दोन यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून हातातील कामांची रक्कम वजा करायची, असे तिचे प्रचलित सूत्र आहे. उदाहरणार्थ, एखाद्या ठेकेदाराची सर्वाधिक वार्षिक उलाढाल २० कोटी रुपये आहे आणि नव्या कामाची मुदत एक वर्ष आहे. गुणाकार ४० कोटी होतो. त्याच वर्षात त्याला २८ कोटींची जुनी कामे संपवायची असतील, तर त्याची शिल्लक क्षमता १२ कोटींची उरते. १५ कोटींच्या निविदेत तो बसत नाही. हातात घेतलेली कामे अर्धवट ठेवून नवी कामे ओढणाऱ्याला रोखण्यासाठी हे सूत्र उपयोगी आहे. मात्र ठेकेदाराने हातातील सर्व कामे खरेपणाने जाहीर केली आणि ती कोणी तपासून पाहिली, तरच त्याचा उपयोग होतो.

या दोन्ही चाळण्या ठेकेदाराचा आकार मोजतात. त्याने केलेले काम टिकले की नाही, हे त्यात मोजले जात नाही. चार कोटींचा रस्ता वेळेत ‘पूर्ण’ झाला आणि वर्षभरात उखडला, तरी पूर्णत्वाचा दाखला खराच ठरतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांमध्ये आधीच्या कामाबाबत कामगिरी अहवालाचा एक नमुना असतो. कामाची गुणवत्ता, आर्थिक स्थिती, तांत्रिक कौशल्य, साधनसामग्री आणि वर्तन अशा मुद्द्यांवर त्यात उत्कृष्ट ते वाईट अशी प्रतवारी देता येते. दाखल्यापेक्षा हा नमुना निश्चितच पुढचा आहे. पण तोही सहसा काम संपतानाच भरला जातो. रस्त्याची खरी परीक्षा त्यानंतरच्या दोन-तीन पावसाळ्यांत होते आणि तिचा निकाल त्या कागदावर उतरत नाही.

कमी दराची ओढ

दुसरा लिफाफा उघडला, की प्रश्न दराचा उरतो. पात्र ठरलेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम, हा सरकारी खरेदीचा रुळलेला नियम आहे. यात अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव कमी राहतो आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघत नाही, म्हणून तो यंत्रणेला सोयीचाही वाटतो. परंतु पूर्वगणनपत्रकापेक्षा २५-३० टक्के कमी दराने काम घेणारा ठेकेदार तोटा कसा भरून काढणार, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. डांबराचे प्रमाण, थरांची जाडी, दबाई, खडीचा दर्जा यांपैकी कशावर तरी ती तूट निघण्याची भीती असते. यावर उपाय म्हणून राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने फार कमी दराच्या निविदांसाठी अतिरिक्त सुरक्षा ठेव घेण्याची पद्धत आणली. दर जितका खाली, तितकी ठेव अधिक, असे तिचे तत्त्व आहे.

सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारलीच पाहिजे, असे बंधन कायद्यात नाही. ‘टाटा सेल्युलर विरुद्ध भारत सरकार’ या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, सर्वांत कमी दराची किंवा अन्य कोणतीही निविदा नाकारण्याचा अधिकार सरकारला असतो, मात्र तो मनमानीने वापरता येत नाही, असे स्पष्ट केले. न्यायालय निर्णयापेक्षा निर्णय घेण्याची प्रक्रिया तपासते, हेही त्याच निकालाने ठरले. म्हणजे कारणे नोंदवलेली असतील आणि ती निविदेतील अटींशी जुळत असतील, तर स्वस्त पण अविश्वासू ठेकेदाराला नकार देता येतो.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणखी एक वाट मोकळी केली. विशिष्ट अटींवर बांधकामांसाठीही गुणवत्ता आणि दर यांचा एकत्रित विचार करण्यास परवानगी देण्यात आली. त्यात दराव्यतिरिक्त बाबींना जास्तीत जास्त ३० टक्के भार देता येतो. या सूचना केंद्राच्या खात्यांसाठी आहेत, महापालिकांना त्या आपोआप लागू होत नाहीत. दर हाच एकमेव निकष असू नये, हे तत्त्व मात्र त्यातून सरकारी पातळीवर मान्य झाले.

काळी यादी : अधिकार आणि मर्यादा

एखाद्या व्यक्तीस वा कंपनीस ठरावीक काळ निविदा भरण्यास मनाई करणे, म्हणजे काळ्या यादीत टाकणे. ही शिक्षा दंडापेक्षा फार मोठी आहे. इतर खात्यांच्या निविदांमध्येही ‘आपणास कोठे काळ्या यादीत टाकले आहे काय’ असा प्रश्न असतो आणि त्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यामुळे एका ठिकाणचा आदेश ठेकेदाराचा सारा व्यवसाय थांबवू शकतो. याच कारणाने न्यायालयांनी गेल्या पन्नास वर्षांत या अधिकाराभोवती एक चौकट आखली आहे.

‘इरुशियन इक्विपमेंट’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच सांगितले, की ठेकेदाराचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याला काळ्या यादीत टाकता येणार नाही. ‘कुलजा इंडस्ट्रीज’ प्रकरणातील २०१३ च्या निकालाने शिक्षा चुकीच्या प्रमाणात असली पाहिजे आणि ती कायमची असू शकत नाही, हे ठरवले. त्या निकालात अमेरिकेतील नियमांचा आधार घेऊन झालेले नुकसान, चूक किती वेळा झाली, पूर्वीचे वर्तन, ठेकेदाराने जबाबदारी स्वीकारली की नाही असे निकषही सांगितले आहेत. ‘गोरखा सिक्युरिटी’ या २०१४ च्या प्रकरणात कारणे दाखवा नोटिशीतून काळ्या यादीचा इशारा स्पष्ट होत नव्हता, म्हणून आदेश टिकला नाही. ‘ब्लू ड्रीम्झ’ या कोलकाता महापालिकेशी संबंधित प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने बजावले, की करारातील साध्या, प्रामाणिक वादासाठी हे शस्त्र उगारू नये.

न्यायालये ठेकेदारांनाच वाचवतात, असा अर्थ यातून काढणे योग्य नव्हे. भुवनेश्वर येथे सप्टेंबर २०१७ मध्ये बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळून एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि अकरा जण जखमी झाले. ओडिशा सरकारने ठेकेदार कंपनीला कायमचे काळ्या यादीत टाकले. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि बंदी पाच वर्षांपुरती मर्यादित करून कायम ठेवली. नोटीस दिलेली होती, चौकशीचा अहवाल होता आणि निष्काळजीपणाचा परिणाम जीवघेणा होता. कागद पूर्ण असले, तर बंदी टिकते, हे या निकालातून दिसते.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १५१ मध्येही मुदती ठरवलेल्या आहेत. भ्रष्टाचारासारख्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या निविदाधारकास तीन वर्षांपर्यंत, तर सचोटीच्या संहितेचा भंग करणाऱ्यास संबंधित खात्यापुरते दोन वर्षांपर्यंत दूर ठेवता येते. बाजू मांडण्याची संधी देणे तेथेही बंधनकारक आहे. महत्त्वाची बाब म्हणजे, मनाई ठेकेदाराच्या उत्तराधिकारी संस्थेलाही लागू करण्याची सोय या नियमात आहे. एका नावाने काळ्या यादीत गेलेली मंडळी नातेवाइकांच्या नावे नवी कंपनी काढून परत येतात, ही पळवाट बंद करण्यासाठी ती आवश्यक ठरते. महापालिकेला हाच परिणाम साधायचा असेल, तर भागीदार, संचालक आणि संलग्न कंपन्या यांचा उल्लेख निविदेच्या अटीतच करावा लागतो.

मुंबईचा अनुभव

निकृष्ट रस्त्यांच्या प्रकरणात ठेकेदारांवर मोठी कारवाई झाल्याचे राज्यातील ठळक उदाहरण मुंबईचे आहे. तत्कालीन महापौर स्नेहल आंबेकर यांनी २०१५ मध्ये रस्त्यांच्या कामांबाबत आयुक्तांना पत्र लिहिले. त्यानंतर ३४ रस्त्यांची चौकशी झाली. त्यात अनियमिततेचा ठपका आल्यावर एप्रिल २०१६ मध्ये सहा ठेकेदार कंपन्यांविरुद्ध गुन्हा नोंदवण्यात आला. कामाची तपासणी करण्यासाठी नेमलेल्या दोन त्रयस्थ संस्थांचीही नावे त्यात होती. पुढे पालिकेचे काही वरिष्ठ अभियंतेही कारवाईच्या कक्षेत आले. ठेकेदार, तपासणी करणारा आणि देखरेख करणारा अशा तिन्ही कड्यांवर एकाच वेळी प्रश्नचिन्ह उभे राहिल्याने हे प्रकरण गाजले.

त्याच वर्षी आणखी एक वाद उभा राहिला. रस्त्यांच्या कामांत ठपका ठेवण्यात आलेल्या कंपन्यांपैकी काहींना पुलांची कामे मिळाली होती. रस्ते विभागाची कारवाई पूर्ण होण्यापूर्वीच पूल विभागाची निविदा पुढे गेली, हे त्यामागील कारण. चौकशी सुरू होणे आणि काळ्या यादीचा अंतिम आदेश निघणे यांत कित्येक महिने जातात. या मधल्या काळात काय करायचे, याचे उत्तर निविदेच्या अटींत नसेल, तर यंत्रणा हतबल होते. चौकशी चालू असताना ठरावीक मुदतीसाठी नवीन कामे थांबवणे, हा त्यावरील प्रचलित उपाय आहे; परंतु त्याची तरतूद आधीपासून लिहिलेली असावी लागते.

मुंबई महापालिकेने जानेवारी २०२३ मध्ये रस्ते काँक्रिटीकरणाची सुमारे ६,०८० कोटी रुपयांची कामे पाच कंपन्यांना दिली. दक्षिण मुंबईतील काम वेळेत सुरू न झाल्याने संबंधित कंपनीवर ५२ कोटी रुपयांचा दंड आकारण्यात आला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचा ठेका रद्द करण्यात आला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि रस्ते मात्र फेरनिविदेची वाट पाहत राहिले. ठेकेदारावर उशिरा केलेल्या कारवाईचा भुर्दंड नागरिकांनाही बसतो तो असा. म्हणूनच निवड करतानाची चाळणी नंतरच्या शिक्षेपेक्षा स्वस्त पडते.

दोषदायित्व कालावधी : हातात असलेले साधन

काम पूर्ण झाल्यानंतर ठरावीक वर्षे त्यात निघणारे दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. यालाच दोषदायित्व कालावधी म्हणतात. रस्त्याच्या कामाच्या स्वरूपानुसार तो कमी-अधिक असतो आणि तो संपेपर्यंत सुरक्षा अनामत किंवा तिचा काही भाग रोखून धरता येतो. ठेकेदाराच्या कामगिरीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा याच काळात तयार होऊ शकतो. कोणत्या रस्त्यावर किती खड्डे पडले, ठेकेदाराला केव्हा कळवले, त्याने किती दिवसांत दुरुस्ती केली, न केल्यास महापालिकेने कोणाच्या खर्चाने ती केली, या चार नोंदी प्रत्येक कामासाठी ठेवल्या, तर तीन वर्षांत ठेकेदारांची प्रतवारी आपोआप तयार होईल.

प्रत्यक्षात येथेच गुंतागुंत सुरू होते. हमीच्या काळातील खड्डा महापालिकेने आपल्या येरवडा येथील प्रकल्पातील डांबर वापरून बुजवला आणि त्याची नोंद ठेकेदाराच्या खात्यावर झाली नाही, तर कागदोपत्री रस्ता निर्दोष राहतो. दुसरी अडचण खोदाईची. नवा रस्ता जलवाहिनी, मलवाहिनी, वीजकेबल किंवा दूरसंचार वाहिनीसाठी खोदला, की ठेकेदार हात वर करतो आणि त्याचे म्हणणे पुष्कळदा रास्तही असते. पावसाळी गटारे नसलेल्या रस्त्यावर पाणी साचून डांबर सुटते, तेव्हाही सारा दोष ठेकेदाराच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. पूर्वगणनपत्रकच चुकीचे असेल, तर चांगला ठेकेदारही चांगला रस्ता देऊ शकत नाही.

त्यामुळे दोष कोणाचा, हे ठरवणारी नोंद ठेकेदाराइतकीच अभियंत्याच्याही हिताची आहे. खोदाईपूर्वीची रस्त्याची स्थिती, खोदाईची परवानगी, पूर्ववत करण्याची जबाबदारी आणि त्यानंतरची तपासणी हे सारे त्या रस्त्याच्याच फाइलमध्ये असेल, तर टोलवाटोलवीला जागा उरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने या नोंदींना आणखी महत्त्व आले आहे. खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, तर जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असे न्यायालयाने सांगितले. ही रक्कम जबाबदार असलेल्यांकडून वसूल करण्याचेही त्यात म्हटले आहे. जबाबदार कोण, हे ठरवायचे तर पुन्हा नोंदच पाहावी लागणार.

जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण

चांगल्या कामाची नोंद न ठेवल्याने काय होते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. १९७३ च्या मुसळधार पावसात शहरातील रस्ते खराब झाले होते. त्या वेळी श्रीकांत शिरोळे हे स्थायी समितीचे अध्यक्ष होते. मुंबईचा पाऊस सोसूनही टिकणारे रस्ते कोण बांधतो, याचा शोध घेतला असता ‘रेकाँडो’ या मुंबईतील कंपनीचे नाव पुढे आले. डेक्कन जिमखान्याकडून शिवाजीनगरकडे जाणारा जंगली महाराज रस्ता करण्याचे काम निविदा न काढता या कंपनीला देण्यात आले. कंपनीकडून दहा वर्षांची लेखी हमी घेण्यात आली आणि १९७६ मध्ये सुमारे १५ लाख रुपये खर्चून रस्ता झाला. हमीची दहा वर्षे संपल्यानंतरही कित्येक वर्षे हा रस्ता खड्ड्यांविना राहिला आणि शहराच्या अभिमानाचा विषय ठरला.

या गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. इतका टिकाऊ रस्ता देणाऱ्या या कंपनीला पुण्यात पुन्हा रस्त्याचे काम मिळाले नाही. निविदा न काढता काम देण्याची ती पद्धत आदर्श मानता येणार नाही. योग्य माणसाच्या हाती पडलेला तो अपवाद होता आणि हाच अपवाद अयोग्य हाती पडल्यास काय होते, हे सांगायला नको. परंतु दहा वर्षांच्या हमीची अट आणि ती पाळली गेल्याची नोंद या दोन गोष्टी खुल्या स्पर्धेतही ठेवता आल्या असत्या. वाईट काम करणाऱ्याला शिक्षा नाही आणि चांगले काम करणाऱ्याला त्याचे श्रेय नाही, अशा बाजारात दर्जासाठी पैसे खर्च करणारा ठेकेदार हळूहळू बाहेर पडतो.

इतरत्र काय करतात?

अमेरिकेत केंद्र सरकारच्या ठेक्यांमध्ये ठेकेदाराच्या कामगिरीचे लेखी मूल्यमापन करण्याची, त्यावर त्याला म्हणणे मांडू देण्याची आणि पुढील ठेका देताना ते विचारात घेण्याची पद्धत अनेक दशके रुजली. युरोपीय महासंघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशात, पूर्वीच्या सरकारी ठेक्यात लक्षणीय किंवा वारंवार त्रुटी आढळून तो मुदतीपूर्वी रद्द झाला असल्यास वा भरपाई घ्यावी लागली असल्यास निविदेतून वगळण्याची मुभा आहे. मात्र ठेकेदाराने आपल्या कारभारात खरोखर सुधारणा केल्याचे दाखवले, तर त्याला परत येता येते. ब्रिटनचा २०२३ चा खरेदी कायदा फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आला. त्यात मध्यवर्ती मनाई यादीची तरतूद आहे. जागतिक बँक आणि इतर बहुराष्ट्रीय विकास बँकांनी २०१० मध्ये परस्पर करार केला. त्यानुसार एका बँकेने एक वर्षाहून अधिक काळासाठी बंदी घातलेली कंपनी इतर बँकांच्या कामांनाही मुकते.

या सर्व पद्धतींत काही गोष्टी समान आहेत. नोंद कामागणिक होते, ठेकेदाराला ती दिसते, त्याला उत्तर देता येते आणि ती एका खात्यापुरती मर्यादित राहत नाही.

पुण्यात काय करता येईल?

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. पथ विभाग, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, भवन रचना आणि क्षेत्रीय कार्यालये यांच्या सर्व कामांसाठी ठेकेदारनिहाय एकच नोंदवही संगणकावर ठेवता येईल. पूर्णत्वाच्या दाखल्यासोबत दोषदायित्व कालावधीत दरवर्षी पावसाळ्यानंतर कामगिरीचा शेरा लिहिण्याचे बंधन घालता येईल. अनुभव म्हणून जोडलेल्या कामांपैकी किमान एका कामाची छाननीपूर्वी जागेवर पाहणी करता येईल. आधीच्या कामात ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक दोष राहिले असल्यास निविदाधारक अपात्र ठरेल, ही अट निविदेतच असेल, तर काळ्या यादीची लांबलचक कारवाई न करताही त्याला थांबवता येईल. पात्रतेची अट सर्वांना सारखी आणि आधी जाहीर केलेली असल्याने न्यायालयात ती टिकण्याची शक्यताही अधिक.

यात धोकाही आहे. शेरा लिहिण्याचा अधिकार म्हणजे ठेकेदाराला अडवण्याचा किंवा आवडत्या ठेकेदाराला वाचवण्याचा अधिकार, असा त्याचा गैरवापर होऊ शकतो. म्हणून शेऱ्याला छायाचित्रे, प्रयोगशाळेचे अहवाल आणि मोजमापांचा आधार हवा, त्यावर अपिलाची सोय हवी आणि तो सर्वांना पाहता यायला हवा.

नागरिकांना काय पाहता येते?

माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार नागरिकाला केवळ कागदांच्या प्रती मिळवण्याचाच नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. आपल्या रस्त्याबाबत पुढील बाबी मागता येतात -

० कार्यादेशाची प्रत, ठेकेदाराचे नाव, कामाची रक्कम आणि मुदत.

० पूर्वगणनपत्रकातील थरांची जाडी आणि डांबराचे किंवा काँक्रिटचे प्रमाण.

० मोजमाप पुस्तकातील नोंदी आणि गुणवत्ता चाचण्यांचे अहवाल.

० त्रयस्थ तपासणी संस्थेचे नाव आणि तिचा अहवाल.

० दोषदायित्व कालावधी कधी सुरू झाला, कधी संपतो आणि त्या काळात ठेकेदाराला दिलेल्या नोटिसा.

० सुरक्षा अनामत परत केल्याची तारीख आणि त्यावेळी रस्त्याची केलेली पाहणी.

यांतील शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत. हमीची मुदत संपण्यापूर्वी ते विचारले, तर महापालिकेच्या हातात ठेकेदाराची रक्कम शिल्लक असते आणि दुरुस्ती त्याच्याकडून करून घेता येते. मुदत संपल्यानंतर तोच खड्डा नागरिकांच्या करातून भरावा लागतो.